राष्ट्रपतींच्या निवडणुकीत गडबड झाली असं वाटत असेल तर काय करता येतं

पहिली गोष्ट, त्यासाठी ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर चौकशी करायला जाऊ नका आणि मुंबई हायकोर्टातही नको, कारण हे प्रकरण थेट दिल्लीलाच जातं. आमदारकीचा वाद असता, समजा ऐरोली किंवा बेलापूरच्या सीटचा, तर तिथला कुठलाही मतदार 45 दिवसांच्या आत हायकोर्टात इलेक्शन पिटिशन टाकू शकतो. राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतींचं मात्र वेगळं आहे, घटनेच्या कलम 71 प्रमाणे त्यांच्या निवडणुकीचा कुठलाही वाद फक्त सुप्रीम कोर्ट ऐकतं आणि तिथला निकाल शेवटचा. बाकी सगळी पद्धत 1952 च्या राष्ट्रपती-उपराष्ट्रपती निवडणूक कायद्यात आहे.

आता पिटिशन कोण टाकू शकतं, इथेच बहुतेक लोक अडकतात. एकतर जो स्वतः उमेदवार होता तो, नाहीतर किमान 20 मतदार एकत्र येऊन. आणि मतदार म्हणजे तुम्ही-आम्ही नाही, निवडून आलेले खासदार आणि आमदार. (उपराष्ट्रपतींसाठी फक्त खासदार, आणि तिथे 10 पुरतात.) उमेदवार होणंही सोपं नाही, 1997 पासून याच मतदारांपैकी 50 सूचक (नाव सुचवणारे) आणि 50 अनुमोदक (त्याला पाठिंबा देणारे) लागतात आणि 15 हजार डिपॉझिट, शिवाय ज्याचा अर्जच नीट भरलेला नाही तो स्वतःला उमेदवार म्हणवून कोर्टात गेला तर कोर्ट त्याला बाहेरच काढतं, असं अनेकदा झालंय.

मग आपण काय करायचं, तर आपल्या आमदाराला आणि खासदाराला गाठायचं, लेखी निवेदन द्यायचं, जे काही पुरावे असतील ते सोबत जोडायचे. हे नुसतं सांगायचं म्हणून सांगत नाहीये, हिशोब करून बघा ना. ठाणे जिल्ह्यात नवी मुंबई धरून 18 आमदार, आणि ठाणे, कल्याण, भिवंडी असे 3 खासदार, झाले 21. म्हणजे आपल्या एका जिल्ह्याचे लोकप्रतिनिधी पक्ष बाजूला ठेवून एकत्र आले तर बाहेरच्या एकाही माणसाची सही न घेता देशाच्या राष्ट्रपतींची निवडणूक सुप्रीम कोर्टात नेऊ शकतात! राष्ट्रपतींच्या निवडणुकीत महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराच्या एका मताचं मूल्य 175 धरलं जातं, म्हणजे 18 आमदारांची 3150 मतं, ती आपल्याच मतावर उभी आहेत, म्हणून आमदाराला प्रश्न विचारायचा हक्क आपला आहे असं मला मनापासून वाटतं.

वेळ अगदी कमी असतो. निवडून आलेल्याचं नाव अधिकृतपणे प्रसिद्ध झालं की त्या तारखेपासून 30 दिवस, त्यानंतर दार बंद. आणि घाईही करायची नाही, 1957 साली नागपूरचे डॉ. ना. भा. खरे निवडणूक व्हायच्या आधीच कोर्टात गेले होते, तेव्हा कोर्टाने सांगितलं की आधी निवडणूक पूर्ण होऊ द्या, वाद नंतर.

मुद्दे कुठले चालतात ते बघा. लाच किंवा दबाव, तोही जिंकलेल्याने स्वतः किंवा त्याच्या संमतीने कोणी केला असेल तर. चुकीचं मत धरलं, बरोबर मत नाकारलं, घटना किंवा नियम पाळले नाहीत, पण या सगळ्यात रिझल्टवर खरा फरक पडला हे दाखवावं लागतं. कोणाचा अर्ज चुकीने फेटाळला किंवा जिंकलेल्याचा अर्जच चुकीने स्वीकारला हेही मोठे मुद्दे. "अमुक राज्याची विधानसभा बरखास्त होती, तिथल्या आमदारांनी मतच दिलं नाही" हा मुद्दा मात्र घेऊ नका, जागा रिकाम्या होत्या म्हणून निवडणुकीला आव्हान देता येत नाही, 1961 च्या घटनादुरुस्तीने ते स्पष्ट केलंय.

पुरावा किती पक्का लागतो ते 1969 च्या निवडणुकीवरून कळतं. व्ही. व्ही. गिरी अपक्ष उभे राहिले आणि नीलम संजीव रेड्डींना हरवलं, गिरींना 4,20,077 आणि रेड्डींना 4,05,427, इतका थोडा फरक. रेड्डींची बदनामी करणारं एक निनावी पत्रक खासदारांमध्ये फिरलं होतं आणि त्यावरून पिटिशन झालं. गिरी तेव्हा राष्ट्रपती होते तरी स्वतः सुप्रीम कोर्टात येऊन साक्ष दिली, आणि मला आपल्या लोकशाहीतली ही फार मोठी गोष्ट वाटते. पण पत्रकामागे गिरींचा हात होता हे सिद्ध झालं नाही आणि 1970 मध्ये पिटिशन फेटाळलं गेलं. म्हणून नुसतं फॉरवर्ड आलेलं पीडीएफ घेऊन आमदाराकडे जाऊ नका, ते कोणी छापलं, कोणी वाटलं, कोणाच्या सांगण्यावरून, हे सगळं हातात पाहिजे.

दुसरं उदाहरण 2012 चं. हरलेले उमेदवार पी. ए. संगमा यांचं म्हणणं होतं की जिंकलेले प्रणब मुखर्जी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे चेअरमन होते, म्हणजे लाभाचं पद (सरकारकडून फायदा मिळणारं पद, ते असताना राष्ट्रपतीपदासाठी उभं राहता येत नाही). आक्षेप त्यांनी छाननीच्या वेळीच घेतला होता, तो फेटाळल्यावर आणि निवडणूक झाल्यावर कोर्टात गेले. पाच जजेसपैकी तिघांनी पूर्ण सुनावणीची गरजच नाही म्हणत डिसेंबरमध्ये पिटिशन काढून टाकलं, दोघांचं म्हणणं होतं की ऐकायला हवं. म्हणजे मुद्दा पहिल्या दिवशीच इतका नीट मांडावा लागतो की कोर्टाला पुढे ऐकावंसं वाटेल, त्यामुळे वकील सुप्रीम कोर्टात रोज काम करणाराच बघा.

ही वाट एकदा बंदही झाली होती हे विसरू नका. 1975 ला आणीबाणीत 39 व्या घटनादुरुस्तीने हे वाद सुप्रीम कोर्टाकडून काढून घेतले, 1978 ला 44 व्या दुरुस्तीने ते परत मिळाले.

आणि समजा पिटिशन जिंकलं तर? आजवर एकाही राष्ट्रपतींची निवड रद्द झालेली नाही, पण कायद्यात सोय आहे. कोर्ट निवडणूक रद्द करू शकतं, किंवा खरी मतं ज्याला जास्त होती त्याला निवडून आलेला जाहीर करू शकतं. नुसती रद्द झाली तर उपराष्ट्रपती काम बघतात आणि 6 महिन्यांच्या आत नवी निवडणूक घ्यावी लागते. निकाल लागेपर्यंत राष्ट्रपतींनी सही केलेले कायदे, नेमणुका वगैरे सगळं मात्र वैधच राहतं.