खर्डा आधी, लाल पेन शेवटी: सातवी-आठवीच्या वर्गात लेखन शिकवताना

'पालखी सोहळ्यावर उद्या पंधरा ओळी लिहून आणा' असं सांगितलं की दुसऱ्या दिवशी ६० वह्यांत मिळून एकच निबंध येतो. सुरुवात 'महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे', शेवट 'मला खूप आनंद झाला'. मधला मजकूर थोडा गाईडमधला, थोडा आईने सांगितलेला. निबंध घरून मागवला की लिहिण्याचं सगळं काम वर्गाबाहेर होतं आणि शिक्षकांच्या वाट्याला नुसती तपासणी उरते.

हे काम वर्गात आणायचं तर ३५ मिनिटांचे ५ तास राखून ठेवा, शक्यतो एकाच आठवड्यात. वर्षातल्या पहिल्या लेखनाला पुण्यात पालखीसारखा विषय नाही. शाळा सुरू होते त्याच सुमाराला पालख्या शहरात येतात, आणि वर्गातल्या बहुतेकांनी त्या रस्त्यावर, गॅलरीतून, निदान वाहतूक अडल्यामुळे तरी अनुभवलेल्या असतात.

पहिल्या तासाला वह्या बंद. आधी विषय लहान करायचा. 'पालखी सोहळा' हा विषय बारा वर्षांच्या मुलाला पेलणारा नाही. 'लक्ष्मी रस्त्यावर पालखीची वाट पाहताना' पेलतो. 'आमच्या सोसायटीत वारकऱ्यांसाठी केलेल्या पोळ्या' त्याहून सोपा. दहा मिनिटं जोडीने बोलू द्या, मग टिपणं काढायला सांगा: काय दिसलं, काय ऐकू आलं, कशाचा वास आला, कोण काय म्हणालं. टिपणात पूर्ण वाक्य लिहायचं नाही, तुटक शब्दच हवेत. पूर्ण वाक्यांची मुभा दिली की मुलं तिथेच निबंध सुरू करतात. 'भक्तिमय वातावरण' असलं काही आलं तर 'हे कानाला कसं कळलं?' एवढंच विचारा. टाळ, चिखलातल्या चपला, ओल्या घोंगडीचा वास हे आपोआप बाहेर येतं. १५ टिपणं जमली की पुरे.

याच टिपणांत ज्या गोष्टीची खात्री नाही तिच्यापुढे प्रश्नचिन्ह काढायची सवय लावा. कोणती पालखी कुठे उतरते यात मुलं (आणि मोठेही) हमखास घोटाळा करतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात, तुकाराम महाराजांच्या पालखीचा नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबा मंदिरात. असे प्रश्न घरी विचारून दुसऱ्या दिवशी सोडवून आणायचे. गृहपाठ एवढाच.

दुसरा तास खर्ड्याचा. टिपणांना क्रमांक घालायला पाच मिनिटं, लिहायला वीस. वहीचं उजवं पानच वापरायचं आणि एकाआड एक ओळ सोडायची. दुरुस्तीला जागा नसेल तर मूल दुरुस्ती करत नाही, हे साधं कारण. खोडरबर दप्तरात. चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली तर शब्दाखाली रेघ ओढून ठेवायची; 'बाई, विठ्ठलातला वि पहिला की दुसरा?' याला आज उत्तर द्यायचं नाही. प्रत्येक शब्दाशी थांबणारं मूल वीस मिनिटांत चार ओळी लिहितं, आणि त्याही सोप्या शब्दांच्या, कारण अवघड शब्द चुकतील या भीतीने ते टाळतं. मुलं लिहीत असताना शिक्षकांनीही फळ्यावर स्वतःचा खर्डा लिहावा, खाडाखोडीसकट. ते सगळ्यात जास्त लक्ष देऊन पाहिलं जातं.

तिसरा आणि चौथा तास पुनर्लेखनाला द्या. बहुतेक ठिकाणी हाच टप्पा गाळला जातो, किंवा 'आता स्वच्छ अक्षरात लिहून काढा' एवढ्यावर भागवला जातो. ती झाली नक्कल. पुनर्लेखनात मजकूर हलला पाहिजे.

तिसऱ्या तासाला लिहिणाऱ्याने खर्डा मोठ्याने वाचायचा आणि शेजाऱ्याने वहीत न बघता ऐकायचा. ऐकणाऱ्याने दोनच गोष्टी सांगायच्या: कुठे कळलं नाही, आणि कशाबद्दल अजून ऐकायचंय. 'छान आहे' म्हणायला बंदी, कारण त्यावर काहीच करता येत नाही. वही बघायची नाही यालाही कारण आहे: दिसली की शेजारी लगेच वेलांट्या दाखवू लागतो.

चौथ्या तासाला एकाच वाक्यावर काम करून दाखवा. फळ्यावर लिहा, 'वारकरी खूप थकले होते, पण आनंदी होते.' मग टिपणांकडे वळा. 'एका आजींनी दुकानाच्या पायरीवर बसून पायाचं फडकं सोडलं, घट्ट बांधलं आणि पुन्हा टाळ उचलला.' थकवा आणि आनंद हे शब्द गेले तरी दोन्ही राहिले, हे मुलं स्वतःच ओळखतात. मग प्रत्येकाने आपल्या खर्ड्यातली अशी तीनच वाक्यं शोधून बदलायची. सगळं बदला म्हटलं तर काहीच बदलत नाही. क्रम विस्कटलेला असेल तर खर्ड्याची झेरॉक्स काढून परिच्छेद कात्रीने कापायला द्या आणि बाकावर मागेपुढे करून बघू द्या. एखाद्याला मध्येच नवीन टिपणं काढावीशी वाटली तर काढू द्या. हे टप्पे जिन्यासारखे एकाच दिशेने चढायचे नसतात.

लाल पेन पाचव्या तासाला, तेही आधी मुलांच्याच हातात. एका वाचनात एकच चूक शोधायची. पहिलं वाचन विरामचिन्हांसाठी. दुसरं सामान्यरूपांसाठी: वीट पण विटेवर, फूल पण फुलांचा, बहीण पण बहिणीला. तिसरं 'होते' आणि 'होतं' यांच्या भेळीसाठी. निवेदनात एकच रूप शेवटपर्यंत ठेवायचं. संवादात बोलीतलं रूप चालतं. परिच्छेद शेवटच्या वाक्यापासून उलटा वाचला तर चुका लवकर सापडतात, कारण अर्थाच्या ओघात डोळा त्यावरून घसरत नाही.

साठ वह्या तपासायच्या कधी, हा रास्त प्रश्न आहे. रोज १२ खर्डे पाहिले तर आठवड्यात सगळे होतात. समासात एकच शेरा लिहा, मजकुराबद्दल: 'पोळ्या किती होत्या? कोणी लाटल्या?' शुद्धलेखनाच्या खुणा अंतिम प्रतीवरच करा. खर्ड्यावरच लाल खुणा केल्या की मूल तेवढे शब्द सुधारतं आणि काम संपलं असं समजतं.

परीक्षेत पाच तास मिळत नाहीत हे खरं. निबंधाला २५ मिनिटं असतील तर ४ टिपणांना, १६ लिहायला, ५ वाचून सुधारायला, अशी वाटणी सहामाहीच्या आधी दोन-तीनदा घड्याळ लावून करून घ्या. टिपणांची चार मिनिटं वाया जातात असं वाटून मुलं ती गाळतात आणि दुसऱ्या परिच्छेदाशी अडकतात.

अंतिम प्रती वर्गाच्या हस्तलिखितात लावा. एकेरी फुलस्केप, डाव्या बाजूला शिवणीसाठी दोन बोटं समास. प्रत्येक लेखासमोर त्याचा खाडाखोडीचा खर्डाही चिकटवा; पालकसभेला आलेले पालक आधी तोच वाचतात.