गाडी टूं टूं करायला लागली की आधी पाय हलू दे

निपाणी-बेळगाव हायवेला रोज ये-जा करणारी आमच्यातली पोरं नवीन गाडी घेतली की आठवड्यात एकच विचारतात, हे समोरच्या गाडीला धडकाल म्हणून सांगणारं वॉर्निंग सारखं वाजतंय, बंद कसं करायचं. बंद करू नका ओ. फक्त वाजल्यावर काय करायचं ते पायात बसवून घ्या.

काचेमागचा कॅमेरा आणि बऱ्याच गाड्यांत पुढं बसवलेला रडार, हे दोन्ही मिळून समोरच्या गाडीचं अंतर आणि स्पीड बघत असतात, असंच गेलात तर किती सेकंदात धडकणार याचा हिशोब चालू असतो. आता 80 च्या स्पीडला आपली गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. टूं वाजलं आणि तुम्ही काय झालं म्हणून दीड सेकंद स्क्रीनकडं बघितलात तर 33 मीटर तिथंच गेले, ब्रेकला पाय लागायच्या आधी! जवळजवळ सगळेजण सुरुवातीला हेच करतात, मीही केलंय. म्हणून आवाज आला की नजर रस्त्यावर, एक्सिलेटर सोडायचा, पाय ब्रेकवर, आणि खरंच कोण आडवं असेल तर अर्धवट नको, पूर्ण दाबायचा, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस आहे त्याला. स्टीअरिंगला झटका देऊ नका, कारण बऱ्याच गाड्या झटका बसला की ड्रायव्हरनं सांभाळलं असं धरतात आणि सिस्टीमनं आपोआप लावलेला ब्रेक सुटतो.

बेळगावच्या खडेबाजारात रिक्षा, बाईक मध्ये घुसतात तेव्हा उगीच वाजणारच, पण तीच सवय झाली की हायवेला खरं वाजलेलं पण कानावर पडत नाही, हे मला सगळ्यात भीतीचं वाटतं. बहुतेक गाड्यांत वॉर्निंग किती अंतरावर वाजावं याचं लांब-मध्यम-जवळ असं सेटिंग असतंय, गावात जवळ ठेवा, हायवेला लागताना आठवणीनं लांब करा.

आणि ऊसाचा सीझन. संकेश्वरच्या पुढं संध्याकाळी ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस हातभर बाहेर आलेला. असं बाहेर आलेलं लोड सिस्टीमला नीट कळेलच असं नाही, मला एकदा आवाज आला तेव्हा उसाचं वाढं बॉनेटच्या पुढ्यातच दिसत होतं. अंधार पडल्यावर तिथं वॉर्निंगच्या भरवशावर राहू नका, 60 च्या वर जाऊच नका.

चोर्ला घाटातनं पावसात आलात तर आरशामागं कॅमेऱ्याच्या समोरची काच आधी पुसा, तिथंच वाफ आणि चिखल धरतोय.