मालक घरी आल्यावर कुत्रा अंगावर उड्या मारतो? या चुका टाळा

लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज, मग किल्ल्यांची खळखळ, मग जाळीच्या दाराची कडी. एवढं कानावर पडलं की आतल्या कुत्र्याला पुढचं सगळं कळलेलं असतं. तुम्ही चप्पल काढायला वाकता न वाकता तोच त्याचे पुढचे पाय छातीवर, चष्मा तिरका आणि हातातली दुधाची पिशवी लादीवर. दोन महिन्यांचं पिल्लू असताना याच उड्यांचे व्हिडिओ आपण कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकलेले असतात. तेच पिल्लू तीस किलोंचा लॅब्रडोर झालं की मग मात्र 'याला काही वळणच नाही' म्हणून त्याच्या नावाने शंख करायचा.

उडी मारण्यामागे दादागिरी असते, हा समज आधी डोक्यातून काढा. पिल्लं आईला भेटली की तिच्या तोंडाजवळ नाक नेतात, तोंड चाटतात. ही त्यांची भेटायची रीत. आपलं तोंड जमिनीपासून पाच फुटांवर असतं, मग तिथवर पोचायला उडी मारण्याशिवाय तो करणार काय? तेव्हा त्याला धडा शिकवण्यापेक्षा भेटायची वेगळी पद्धत शिकवायची आहे, हे ध्यानात ठेवा. ते धरून चाललं की बाकीच्या चुका आपोआप दिसायला लागतात.

ढकलणं, ओरडणं, गुडघा मारणं

कुत्र्याच्या बाजूने बघा. दिवसभर वाट पाहिलेलं माणूस आलं, उडी मारल्याबरोबर त्याने बघितलं, हात लावला, मोठ्याने बोललं. त्याला हवं होतं ते सगळं मिळालं. 'नो! नो! डाऊन!' हा आपला आरडाओरडा त्याला बहुतेक वेळा सामील झाल्यासारखाच वाटतो. हाताने ढकललं तर कुस्ती सुरू होते, आणि तरुण कुत्र्याला कुस्तीपेक्षा प्रिय काय असणार? छातीत गुडघा मारायचा किंवा मागच्या पायांवर पाय द्यायचा सल्ला अजूनही काही जण देतात. त्याने कुत्र्याला इजा होऊ शकते, शिवाय दारातून येणाऱ्या माणसाची त्याला धास्ती बसते. हा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून द्या.

घरात चार माणसं आणि चार कायदे

मला विचाराल तर सगळ्यात जास्त घरं इथे अडतात. बाबांच्या ऑफिसच्या शर्टावर उडी मारली की ओरडा बसतो. दादा मात्र क्रिकेट खेळून आलेला असतो, कपडे तसेही मळलेले, तो म्हणतो, 'ये रे, ये!' आजी 'बस' म्हणते, ताई 'सिट' म्हणते, आणि तो उडी मारायचा थांबावा म्हणून आजीच हळूच पोळीचा तुकडा पुढे करते. अशा घरात उडी कधी फळते, कधी फळत नाही. अधूनमधून फळणारी सवयच सुटायला सगळ्यात अवघड असते. मटक्याचा आकडा रोज लागत नाही म्हणून कोणी मटका सोडतं का?

एका रविवारी सगळ्यांनी बसून दोनच गोष्टी ठरवा: शब्द कोणता वापरायचा, आणि पाय जमिनीवर नसतील तर कोणीही हात लावायचा नाही. 'माझ्यावर मारली तर चालते' हे वाक्य त्या दिवसापासून बंद. आजीला तह मान्य करायला लावणं कुत्र्याला शिकवण्यापेक्षा अवघड जाईल, तेवढी तयारी ठेवा.

'ढुंकूनही बघू नका' हा अर्धवट सल्ला

घरी आल्यावर वीस मिनिटं कुत्र्याकडे बघायचंच नाही, असं सर्रास सांगितलं जातं. उडी मारताना दुर्लक्ष करणं ठीक आहे. पण भेटच नाकारली तर नेमकं काय केल्यावर माणूस भेटतो, हे त्याला कधीच कळत नाही. मग तो भुंकून, बाही ओढून, तुमचा मोजा पळवून नवे मार्ग शोधतो. स्वीडनच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी बीगल कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. ओळखीचं माणूस परत आल्यावर कुत्र्यांच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी, जवळिकीशी जोडलेलं संप्रेरक वाढलं. माणसाने बोलून शिवाय हात फिरवून भेट घेतली, तेव्हा ती वाढ जास्त वेळ टिकली. म्हणजे स्पर्श त्याला हवाच असतो. तो कधी आणि कसा द्यायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

आणखी एक. दुर्लक्ष सुरू केलं की पहिले काही दिवस उड्या वाढतात. आजवर चालणारी युक्ती आज का चालेना म्हणून तो जास्त जोर लावून बघतो. नेमक्या याच टप्प्यावर लोक कंटाळून 'बरं बाबा, ये' म्हणतात, आणि जास्त जोर लावला की काम होतं हा धडा पक्का करून टाकतात.

मग दारात नेमकं करायचं काय

आपल्या फ्लॅटमधलं जाळीचं दार यासाठी फार कामाचं. लाकडी दार उघडा, जाळीचं बंदच राहू द्या. तो आत नाचतोय, तुम्ही बाहेर शांत उभे. नजर त्याच्यावर रोखू नका, काही बोलू नका. चारही पाय जमिनीवर आले की कडीला हात लावा. उडी मारली की हात मागे. शेजारी बघतील, बघू द्या. कडी सरकते ती पाय खाली असताना, हे त्याच्या लक्षात यायला लागतं.

आत आलात की पुढचे काही क्षण महत्त्वाचे. चपलांच्या स्टँडवर, बाहेरून हात पोचेल अशा जागी त्याच्या रोजच्या खाण्यातल्या दाण्यांचा छोटा डबा ठेवा. तो उडी मारायच्या आधीच मूठभर दाणे त्याच्या पायाशी विखरून टाका. नाक खाली जातं, हुंगणं सुरू होतं, आणि हुंगताना कुत्रा आपसूक शांत होत जातो. दाणे वेचून झाल्यावर वर बघेल, तेव्हा खाली बसून छातीवर किंवा खांद्यावर हळूहळू हात फिरवा. डोक्यावर टपल्या, चिरका लाडिक आवाज, गाल ओढणं हे सगळं नंतरसाठी राखून ठेवा. पाय वर आले की सरळ उभे राहा, हात काढून घ्या. खाली आले की हात परत.

वेळ चुकली की सगळं उलटं होतं. उडी मारू दिली, मग 'खाली' म्हणालात, मग दाणे दिलेत, तर तो तिन्ही गोष्टी एका माळेत ओवतो: उडी मार, खाली ये, खाऊ घे. घरोघरी असे हुशार कुत्रे आहेत, आणि मालकांना वाटतं शिक्षण वाया गेलं. दाणे उडीच्या आधी पडले पाहिजेत. आधी साधत नसेल, तर पाय खाली आल्यावर थोडं थांबा आणि मगच द्या.

सराव संध्याकाळी दमून आल्यावर करू नका, तेव्हा ना तुमचा संयम जागेवर असतो ना त्याचा. सुट्टीच्या दिवशी कचरा टाकायला, पाण्याचा व्हॉल्व्ह बघायला, उगाचच लिफ्टपर्यंत जाऊन या आणि प्रत्येक वेळी हीच पद्धत पाळा. पाच मिनिटांत परतलेल्या माणसाचं कौतुक कमीच असतं, त्यामुळे शिकायला सोपं जातं.

मात्र सात-आठ तास घरात कोंडलेला कुत्रा असेल, तर आल्या आल्या शिकवणी घेत बसू नका. त्याला लागलेली असते. पट्टा लावा आणि खाली न्या. दारात बॉल फेकून 'दमवायचा' प्रकारही नको, त्याने उत्साह आणखी चढतो. गुळगुळीत लादीवर उड्या मारून घसरणाऱ्या कुत्र्याच्या सांध्यांवर ताण येतो, म्हणून दाराच्या आत न सरकणारं, रबरी तळाचं जाड पायपुसणं टाका.

सू झाली म्हणून रागावणं

बरीच पिल्लं माणूस दिसल्यावर आनंदाने किंवा दबून जागेवरच सू करतात. ते मुद्दाम केलेलं नसतं. रागावलात तर पुढच्या वेळी जास्त होईल. अंगावर वाकू नका, बाजूला तोंड करून उकिडवे बसा, शक्य असेल तर भेट बाहेर मोकळ्या जागेत घ्या. वाढत्या वयात बहुतेकांचं हे थांबतं. मोठ्या कुत्र्याचं अचानक सुरू झालं तर मात्र लघवी तपासून घ्या, संसर्ग असू शकतो.

आनंद आणि घाबरणं यात गल्लत

तुम्ही नसताना तो काय करतो, हे जुना फोन हॉलमध्ये लावून एकदा रेकॉर्ड करा. झोपून राहिला आणि तुम्ही आल्यावर नाचला, तर वरचे उपाय पुरेत. पण तुम्ही गेल्यापासून येरझाऱ्या, विव्हळणं, लाळ, दाराची चौकट कुरतडणं, ठेवलेल्या आवडत्या खाऊला तोंडही न लावणं असं दिसलं, तर ती एकटं राहण्याची भीती आहे. तिथे उड्या थांबवून काही साधत नाही. पशुवैद्याला ते रेकॉर्डिंग दाखवा, गरज पडल्यास वर्तनतज्ज्ञाची मदत घ्या.

पाहुण्यांना 'घाबरू नका, काही करत नाही' म्हणणं

वयस्क माणूस पडायला एक प्रेमळ उडी पुरते. घरच्यांवर सवय बसेपर्यंत बेल वाजली की आधी कुत्र्याला पट्टा, मग दार. याने उघड्या दारातून जिन्याकडे सुसाट पळणंही टळतं. पाहुणे बसले, चहा आला, तो थोडा निवला की पट्ट्यासकट भेटवा. आणि पाहुण्यांनी 'मला आवडतं हो, मारू द्या उडी' म्हटलं, तरी पट्टा सैल सोडू नका.