ग्रंथालयाचं ई-साहित्य वर्गात वापरताय? या चुका टाळा

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. सेमिस्टर सुरू झालं की त्याच चुका, त्याच प्राध्यापकांकडून, त्याच उत्साहाने होतात. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे लॉगिन वाटणं. एन-लिस्टसारख्या, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल्स आणि ई-बुकं पुरवणाऱ्या योजनेत लॉगिन एकेका सभासदाच्या नावावर असतो, अख्ख्या वर्गाच्या नाही. तरी आमच्याकडच्या एका सरांनी एका डेटाबेसचा आपला पासवर्ड थेट एम.कॉम.च्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. एका मुलाने वाचनकक्षात लॅपटॉपवर डाऊनलोडर लावला, एका जर्नलचे सगळे जुने अंक ओढायला ठेवले आणि स्वारी वडापाव खायला गेली. एवढ्या वेगाने माणूस वाचत नाही, हे प्रकाशकाच्या सर्व्हरला लगेच कळतं. अख्ख्या कॉलेजचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बंद, म्हणजे कोणालाच काही उघडेना! प्रोजेक्ट जमा करायची तारीख तोंडावर, काउंटरवर रांग, आणि खुलाशाचा मेल लिहायला मी. वर सरांचं म्हणणं, "मॅडम, मुलांची सोयच पाहिली ना?" सोय कसली, नोंदणीची कटकट टाळली. आता मी पहिल्याच आठवड्यात वर्गावर जाते आणि प्रत्येकाला बाकावर बसल्या बसल्या फोनवर स्वतःचा लॉगिन करायला लावते. अर्धा तास जातो, जाऊ दे.

दुसरी लाडकी चूक: "दिल्ली हायकोर्टाने सांगितलंय, सगळं चालतं." असं म्हणणाऱ्यांनी तो निकाल वाचलेला नसतो. २०१६ सालचा तो निकाल दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या खटल्यातला होता, आणि विषय होता अभ्यासक्रमाला लागणाऱ्या उताऱ्यांच्या छापील संचांचा. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये शिकवण्यासाठी प्रती काढायला सवलत आहे, तिच्या आधारे कोर्टाने ते संच मान्य केले. पण अपिलात खंडपीठानेही अट ठेवलीच: जेवढं शिकवायला लागतं तेवढंच. तुम्ही अख्खं पुस्तक स्कॅन करून ग्रुपवर टाकता, तेव्हा त्यातली किती प्रकरणं शिकवणार असता? शिवाय ई-जर्नलच्या बाबतीत कॉलेजने प्रकाशकाशी करार केलेला असतो. कायद्यातली सवलत ही एक गोष्ट, करारातल्या अटी ही दुसरी. करार मोडला की प्रकाशक कोर्टात जात बसत नाही, सरळ कनेक्शन तोडतो.

मी स्वतः पीडीएफ पाठवतच नाही, लेखाची लिंक पाठवते. तीही ॲड्रेस बारमधून उचललेली नव्हे. ती बरेचदा तुमच्या त्या वेळच्या लॉगिनपुरतीच असते, मग बदलापूरला घरी पोचलेल्या मुलीला कोरं पान दिसतं आणि ती मला फोन करते. लेखाच्या पहिल्या पानावर बहुतेक वेळा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक असतो, तो द्या.

ई-बुक एका वेळी किती जणांना उघडता येतं, ते आधी विचारा. काही पुस्तकं एकालाच उघडतात. साठ जणांना "आत्ता उघडा" म्हटलंत तर एकोणसाठ जण तोंडाकडे बघणार.

"वन नेशन वन सबस्क्रिप्शन आलंय, आता सगळं फुकट," असंही ऐकू येतं. जानेवारी २०२५ मध्ये जर्नल्सच्या एकत्रित वर्गणीची ती सरकारी योजना सुरू झाली ती केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी. आपलं कॉलेज सरकारी आहे का, निदान एवढं तरी माहीत करून घ्या.

लेखाची पीडीएफ एआयला देऊन नोट्स काढणारेही वाढलेत. बऱ्याच प्रकाशकांच्या नव्या करारांत याला मनाई असते. अशी फाइल चढवण्याआधी मला विचारा.

आणि क्रिएटिव्ह कॉमन्सचा (वापराची परवानगी आधीच दिल्याचा) शिक्का दिसला म्हणून हुरळून जाऊ नका. त्यात "एनडी" (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदल करून वाटू नका) ही अक्षरं असतील, तर तुम्ही केलेला मराठी अनुवाद परवानगीशिवाय वाटता येत नाही. आमच्या समाजशास्त्राच्या मॅडमनी अशाच एका लेखासाठी लेखकाला चार ओळींचा मेल केला. दोन दिवसांत होकार आला.