घरगुती उच्च विद्युतदाब कपॅसिटर टिकवायचा तर हवा बाहेर काढा

ॲल्युमिनियम फॉइल आणि जाड पॉलिथिन गुंडाळून केलेला कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा घटक) बहुधा फॉइलच्या कडेलाच फुटतो, कारण तिथे अडकलेल्या हवेत कोरोना (उच्च विद्युतदाबामुळे हवेत होणारे मंद विद्युत विसर्जन) निर्माण होऊन प्लॅस्टिक हळूहळू कुरतडले जाते. म्हणून फॉइलचे कोपरे कात्रीने गोल करावेत, जोडणीची पट्टी वगळता सर्व बाजूंनी सुमारे 3 सेंटिमीटर पॉलिथिन मोकळे सोडावे आणि गुंडाळी नव्या ट्रान्सफॉर्मर तेलात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवावी. डीपीतले जुने तेल कधीही वापरू नये. परभणी-नांदेडकडे हे काम एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उरकावे. पावसाळ्यात तेल ओल धरते आणि त्याची रोधनक्षमता घटते. वापरानंतर उच्च विद्युतदाबाला साजेशा रोधकातून (रेझिस्टरमधून) विद्युतभार उतरवून दोन्ही टोके तारेने जोडूनच ठेवावीत, कारण मोकळ्या टोकांवर भार पुन्हा चढतो आणि त्याचा झटका जीवघेणा ठरू शकतो.