दोन दिवसांत प्राग: विद्यार्थ्यांच्या ग्रुपने सहल कशी आखावी

जर्मनीत ड्रेस्डेनला शिकायला आलेल्या मुलामुलींची पहिली सहल बहुतेक वेळा प्रागची असते. रेल्वेने साधारण अडीच तास. शुक्रवारचं शेवटचं लेक्चर आटोपून निघालं की रात्रीच्या जेवणाला चेक राजधानीत. आम्ही नऊ जण गेलो होतो. नंतर ज्युनियर्सच्या दोन ग्रुपना मी सहल आखून दिली. काय जमलं आणि कुठे फसलो, ते सगळं धरून हे लिहिते आहे. बर्लिन किंवा म्युनिकहून जाणाऱ्यांचा प्रवास लांबेल, बाकी सगळं हेच.

आधी कागदपत्रं

जर्मनीचं निवास परवान्याचं कार्ड असेल तर वेगळा व्हिसा लागत नाही, कारण दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. १८० दिवसांत ९० दिवस इतर शेंगेन देशांत राहता येतं. मात्र कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही मूळ हवेत, फोनमधला फोटो नाही. परतीच्या गाडीत जर्मन पोलीस चढून कागद तपासतात, असं होतं. कार्ड नूतनीकरणाला गेलं असेल आणि हातात नुसतं तात्पुरतं पत्र असेल, तर तिकीट काढण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात विचारून घ्या. ही पत्रं सगळी एकाच प्रकारची नसतात.

माणसं आणि पैसे

सहा ते दहा जण ठीक. तेवढ्यांना होस्टेलमध्ये अख्खी खोली मिळते आणि रेस्टॉरंटमध्ये दोन टेबलं जोडून बसता येतं. राहणं, रेल्वे आणि किल्ल्याचं तिकीट यांची कॉन्ट्री आधीच काढा, जेवणखाण टीटीएमएम.

बजेट ठरवताना ज्याचा खिसा सगळ्यात हलका, त्याच्या हिशेबाने ठरवा. मिनीजॉबवर, म्हणजे कमी पगाराच्या छोट्या अर्धवेळ नोकरीवर महिना काढणारा मुलगा 'हे हॉटेल महाग आहे' असं चारचौघांत म्हणत नाही. तो 'असाइनमेंट आहे रे' म्हणतो आणि सहलीतून गळतो. आमच्यातला एक असा गळला होता आणि ते आम्हाला परत आल्यावर कळलं. म्हणून पुढच्या वेळी मी प्रत्येकाला वेगळा मेसेज करून विचारलं: किती झेपेल?

चेकमध्ये युरो नाही, कोरुना चालते. बहुतेक ठिकाणी कार्ड चालतं, थोडी रोकड एटीएममधून काढा. मशीनने 'तुमच्या चलनात रूपांतर करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा, त्यात दर वाईट मिळतो. रस्त्यात गाठून नोटा बदलून देणाऱ्याकडे तर बघूही नका. पैसे बदलण्याच्या दुकानात फसल्यासारखं वाटलं तर पावती जपा, तीन तासांच्या आत व्यवहार रद्द करता येतो.

शनिवारी किल्ला, रविवारी ज्यू वस्ती

हा क्रम उलटा केलात तर दोन्ही ठिकाणी दार बंद मिळेल. ज्यू संग्रहालयाच्या सगळ्या जागा शनिवारी बंद असतात. किल्ल्यातलं सेंट व्हायटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थनेमुळे पर्यटकांना दुपारपर्यंत उघडत नाही. आमच्या पहिल्या सहलीत आम्ही नेमका उलटा क्रम लावला होता.

शनिवारी सकाळी २२ नंबरची ट्राम पकडून किल्ल्याच्या थांब्यावर उतरा. वर ट्रामने जायचं आणि खाली चालत यायचं, म्हणजे पाय दुपारपर्यंत टिकतात. २४ तासांचं तिकीट घ्या आणि पहिल्यांदा वापरताना पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारा. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीटच. आमच्यातल्या एकीच्या पर्समध्ये कोरं तिकीट होतं, तरी दंड भरावा लागला.

किल्ल्याच्या आवारात फिरायला पैसे लागत नाहीत. आतल्या वास्तूंचं एकत्र तिकीट दोन दिवस चालतं, विद्यार्थी ओळखपत्रावर सवलत मिळते.

प्रत्येकाने एक जागा वाटून घ्या

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. निघण्याआधी आठवडाभर जागा वाटून टाका. ज्याच्या वाट्याला जी जागा येईल, त्याने तिथे उभं राहून पाच मिनिटं तिची गोष्ट सांगायची, मराठीत, कागद न बघता. गाईडचे पैसे वाचतात हा भाग वेगळा. पण इतरांपुढे सांगायचं म्हटलं की माणूस नीट वाचतो, आणि मैत्रीण सांगत असली की बाकीचे फोन खिशात ठेवतात.

आमच्या मेकॅनिकलच्या मित्राकडे किल्ल्यातला जुना राजवाडा होता. २३ मे १६१८ रोजी चिडलेल्या प्रोटेस्टंट सरदारांनी इथल्या खिडकीतून सम्राटाचे दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस बाहेर फेकले. तिघेही वाचले, पण त्यातून तीस वर्षांचं युद्ध पेटलं. ती गोष्ट त्याने त्याच खोलीत सांगितली. संध्याकाळी जुन्या शहराच्या चौकात टाउन हॉलपाशी दुसरीने आम्हाला थांबवलं आणि पायाखाली बघायला सांगितलं. फरसबंदीत पांढरे क्रूस होते. आम्ही मोजले, सत्तावीस भरले. त्या बंडाच्या २७ पुढाऱ्यांना २१ जून १६२१ रोजी याच चौकात देहदंड दिला होता. सकाळची खिडकी आणि संध्याकाळचे क्रूस एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे तिथे उभं राहून कळलं. आजूबाजूचे लोक त्या क्रूसांवरून चालत जात होते.

त्याच टाउन हॉलच्या भिंतीवर १४१० सालचं खगोलीय घड्याळ आहे. तास झाला की सांगाडा घंटा वाजवतो, वरच्या दोन खिडक्यांतून बारा प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, सरकत जातात आणि शेवटी कोंबडा आरवतो. सगळं जेमतेम मिनिटभरात आटोपतं. सगळ्यांच्या माना वर असतात आणि पाकीटमारांना तेच हवं असतं, तेव्हा सॅक पोटाशी घ्या.

रविवारी पहाटे पूल

चार्ल्स ब्रिज दुपारी बघू नका, गर्दीत पुढच्याची पाठच दिसते. उजाडताना जा. मे-जूनमध्ये पाचच्या सुमारास उजाडतं, डिसेंबरात आठ वाजतात, तेव्हा हिवाळ्यात हे सोपं पडतं. सगळे उठणार नाहीत, जे उठतील त्यांनी जावं. आम्ही चौघं गेलो. व्ल्तावा नदीवर धुकं होतं. कठड्यावरचे ३० पुतळे काळेकभिन्न, पण नेपोमुकच्या पुतळ्याखालची धातूची चित्रं लोकांच्या हातांनी घासून पिवळीधमक झालेली. या संताला १३९३ मध्ये राजाच्या हुकमावरून नदीत टाकलं होतं. चित्राला हात लावला की माणूस प्रागला परत येतो, असं म्हणतात. धातू बर्फासारखा गार होता.

नाश्ता करून ज्यू वस्तीत जा. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, जवळपास ८० हजार ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत. वरच्या मजल्यावर तेरेझीनच्या छळछावणीतल्या मुलांची चित्रं आहेत. इथे गोष्ट सांगायला कोणाला नेमू नका. प्रत्येकाला आपल्या गतीने फिरू द्या, बाहेर भेटायची वेळ तेवढी ठरवा.

खाणं

मेन्यूवरचे चार शब्द पाठ करा. होव्येझी म्हणजे गोमांस, वेपर्झोवे डुकराचं, कुर्झेत्सी चिकन. बिनमांसाचं हवं तर 'बेझ मासा' म्हणायचं. आमच्या कोकणातल्या मैत्रिणीला वाटलं यात मासे नाहीत, पण चेकमध्ये मासो म्हणजे मांस. शाकाहाऱ्यांना स्माझेनी सीर बहुतेक ठिकाणी मिळतं, म्हणजे ब्रेडक्रंब्ज लावून तळलेलं चीज. बटाट्याचे लसूण घातलेले ब्रांबोराक तर आपल्या थालीपिठाच्या वळणाचेच लागतात. प्रवासासाठी मात्र तिखटमिठाच्या पुऱ्या घ्याच. जाताना डाव्या हाताच्या खिडक्या धरा, एल्बे नदी आणि पलीकडचे वाळूच्या दगडांचे कडे त्या बाजूला दिसतात.

परतीची गाडी

रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरून जातात, सीट आधीच राखून ठेवा आणि स्टेशनवर अर्धा तास आधी पोहोचा. फलाटाचा आकडा बोर्डावर गाडीच्या थोडाच आधी लागतो. तोवर एक नंबरच्या फलाटावर जा. तिथे निकोलस विंटन या ब्रिटिश माणसाचा पुतळा आहे. १९३९ मध्ये याच स्टेशनातून ६६९ मुलांना, बहुतेक सगळी ज्यू, गाड्यांनी ब्रिटनला सुखरूप पोहोचवण्यात त्याचा मोठा वाटा होता. त्याच्या कडेवर एक मूल आहे, शेजारी एक मुलगी उभी आहे आणि जवळ सुटकेस आहे. आमच्या यादीत ही जागा कोणाकडेच नव्हती. गाडीची वाट बघताना एकीने फोनवर वाचून दाखवलं आणि आम्ही आपापल्या सॅका खाली ठेवून ऐकलं.