थोड्या दिवसांच्या मायदेशभेटीचे नियोजन

परदेशातून दोन आठवड्यांसाठी घरी जाताना पहिले ३ दिवस गाठीभेटींसाठी ठेवू नयेत, कारण शरीराचे घड्याळ दिवसाला साधारण १ तास इतकेच नव्या वेळेशी जुळते आणि पूर्वेकडे प्रवास केल्यास त्याला आणखी वेळ लागतो. पासपोर्टची मुदत किमान ६ महिने शिल्लक आहे ना, हे तिकीट काढण्यापूर्वीच पाहावे. अनेक देश तशी अट घालतात.

माझी मोठी चूक म्हणजे रोज नवे घर गाठणे. सगळ्यांना भेटलो, पण आईशी निवांत बोलणे निघण्याच्या आदल्या रात्रीच झाले, आणि तेव्हा कळले की तिची औषधे बदलली होती व काळजी नको म्हणून तिने ते फोनवर सांगितलेच नव्हते. म्हणून नातेवाइकांना एकाच दिवशी एकत्र बोलवावे. उरलेल्या दिवसांत आईवडिलांसोबत डॉक्टरांकडे जावे, औषधांची यादी व तपासण्यांच्या अहवालांच्या प्रती घ्याव्यात, बँक खात्यांना नॉमिनी लावला आहे का ते विचारावे. हे विषय काढणे जड जाते, तरीही ते पहिल्याच आठवड्यात काढावेत, कारण कागदपत्रांच्या कामाला बहुधा दुसरी फेरी लागते. निघण्याच्या आदल्या दिवशी मात्र कोणतेही काम न ठेवता त्यांच्याजवळच बसावे.